कणगीतली नाशपाती

"दाबू नका धुरपताबाई, डाग पडंल!"

सिद्धम्माने शेजारणीचा हात कणगीतून जवळजवळ ओढूनच काढला. ज्वारीत देठापर्यंत पुरलेली नाशपाती पुन्हा दिसेनाशी झाली.

"मी काय खायलेय का तुझं फळ?" धुरपताबाईने हात झटकले. "दगडाला अढी घातलीस बाई. आंबा हाय का हे?"

आंबा नव्हता, हे सिद्धम्मालाही कळत होतं. पण कच्चं फळ पिकवायची दुसरी रीत राणीसावरगावात कुणाला ठाऊक होती?

तिच्या नवऱ्याचा, वीरुपाक्षाचा, एकवीस दिवसांचा ताप गेला होता. जाताना भूक मात्र सोबत घेऊन गेला होता. तीस वर्षं गावाला गूळ-मिरची तोलून देणारा माणूस आता स्वतःच मापात कमी भरत होता. भाताची पेज दिसली की तोंड फिरवायचा. गंगाखेडच्या हकीमसाहेबांनी नाडी धरून, डोळे मिटून सांगितलं होतं, "नाशपाती द्या, बाई. पोटाला हलकी, जिगरला थंडक. सुक्या खोकल्याला आराम, आन् कोठाबी साफ. पन एकदम नरम झाल्यावर हां!"

मग धाकटा दीर रेवणप्पा निजामाच्या रेल्वेत बसून हैदराबादला गेला आणि धोतराच्या सोग्यात गुंडाळून दोन नाशपात्या घेऊन आला. एक सिद्धम्माने लगेच चिरली. वीरुपाक्षाने फोड चघळली आणि ओंजळीत काढून ठेवली. "वाळूवाणी लागायलीय गं."

म्हणून दुसरी कणगीत गेली.

पाचव्या दिवशी वास सुटला. आधी कणगीपाशी, मग माजघरात, मग वीरुपाक्षाच्या उशाला. गुलाबपाण्यासारखा म्हणावा तर त्यात भिजल्या गवताचाही अंश होता. सिद्धम्मा जात्यावर बसली की तिच्या हातातला खुंटा आपोआप हळू फिरे. तिला वाटे, घरामागे कुठेतरी एक थंड बाग उगवलीय, पानांवर दव आहे, आणि त्यातून आपला नवरा काठी न टेकता चाललाय. मग धुरपताबाईचा कोंबडा ओरडे आणि बागेचं पुन्हा परसू होई.

"पिकली का?" वीरुपाक्ष विचारी. ताप आल्यापासून खाण्याचं त्याने पहिल्यांदाच विचारलं होतं.

"होयलीय. अजून फळाचं पोट टणक हाय. नरम झाल्याबिगर द्यायची न्हाई म्हणलेत हकीमसाहेब."

सहाव्या दिवशी देठाजवळ बोट रुतलं, पण पोट कडक. ती थांबली. सातव्याला साल हळदीसारखी पिवळी झाली. तरी थांबली. आठव्या दिवशी पोट दाबलं तर अलगद खचलं. ती जवळजवळ धावतच विळीवर बसली.

फळाचे दोन भाग झाले. मधोमध तपकिरी, ओला, काळवंडलेला गाभा. नाशपाती आतून पिकत येते आणि आतूनच जाते, हे तिला सांगणारं कोण होतं?

"काय झालं गं?" बाजेवरून आवाज आला.

"नासली." तिने विळी आडवी केली. "माझ्याच हातानं नासवली. दोन दिस आधी चिरली असती तर..."

"इकडं आण."

"घाण झालीय म्हणलं ना."

"आण तर."

तिने ताटली नेली. ताटली धरून तो फळाकडे नव्हे, तिच्या हाताकडे बघत राहिला. तिच्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या. तो जेवल्याशिवाय तिने कधी घास घेतला नव्हता, आणि तो तर जेवतच नव्हता.

"कडंचं चांगलं हाय की," तो म्हणाला. "काढ तेवढं."

गाभा टाकून सालीलगतच्या चार पातळ फोडी निघाल्या. वीरुपाक्षाने गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं, त्याला फोडींचा नैवेद्य दाखवला, डोळ्यांना लावलं. मग पहिली फोड उचलून तिच्यापुढे धरली.

"आधी तू."

"काहीतरीच! तुमच्या आधी?"

"मग मीबी खात न्हाई. बस आता ताटकळत."

ती दारातून बघून आली. अंगणात कुणी नव्हतं. तिने पदर तोंडापुढे ओढला, भिंतीकडे वळली आणि फोड तोंडात टाकली. रस हनुवटीवर ओघळला, तो तिने पटकन मनगटाने पुसला.

"कशी लागायलीय?"

तोंड भरलेलं असताना नवऱ्याशी कसं बोलायचं, ते तिला माहीत नव्हतं. तिने नुसती मान हलवली. मग मागे वळून पाहिलं. वीरुपाक्ष कोपरावर कसाबसा उठून, पुढच्या फोडीसाठी तोंड उघडून बसला होता.