बोट उचलू नका

रविवारी सकाळी माऊसचा बाण कॉम्प्युटरच्या पडद्यातून बाहेर आला आणि शेजारच्या भिंतीवर जाऊन थांबला. रत्नाकर खानझोड्यांनी माऊस डावीकडे सरकवला, तसा बाण शोकेसवर आला. उजवीकडे सरकवला, तसा दारावर गेला. पडद्यात मात्र तो काही केल्या शिरेना. त्यांनी कॉम्प्युटर बंद करून पाहिला. पडदा काळा झाला, बाण दारावरच राहिला.

वैतागून त्यांनी माऊसचं बटण दाबलं. दारापाशी बाणाखाली असलेली वेताची खुर्ची निळी झाली आणि जमिनीपासून वीतभर वर आली. माऊस फिरेल तशी ती हवेतून फिरू लागली. त्यांनी घाबरून बोट उचललं. खुर्ची भिंतीला धडकली नाही, भिंतीत गेली. निम्मी आत, निम्मी बाहेर. मग ती ना हाताने हलली, ना बाणाने.

"आणखी काही बिघडवू नका," निर्मलाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "कंपनीला फोन लावा."

रत्नाकररावांनी डाव्या हाताने फोन लावला. उजवा माऊसवरच होता, आणि तो हात वर्षभरापासून कापत असे. बाण निर्मलाबाईंच्या खांद्यावर आला आणि बोट दाबलं गेलं.

"नमस्कार सर, काय अडचण आहे?" फोनवरच्या मुलीने विचारलं.

"बाण बाहेर आलाय. माझ्या बायकोवर आहे."

"मॅडम निळ्या झाल्यात का?"

"कोपरापर्यंत."

"पाय जमिनीला लागतायत?"

त्यांनी वाकून पाहिलं. "नाही."

"मग बटणावरचं बोट उचलू नका, सर. जिथे सोडाल, तिथेच त्या राहतील."

"किती दिवस?"

"तिथेच राहतील, सर," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

रत्नाकररावांनी फोन टाकून डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. निर्मलाबाई दिव्याच्या उंचीला तरंगत होत्या. निळा रंग गळ्यापर्यंत चढला होता, पण आवाज नेहमीचाच होता.

"गॅस चालू आहे," त्या म्हणाल्या.

"मी उठू शकत नाही गं."

"बरं. दूध जाईल उतू, जाऊ दे."

रत्नाकररावांनी त्यांना पलंगाकडे न्यायला घेतलं. माऊस सरकला तशी खोली लांबली. पलंग पुढे पुढे जात राहिला. टेबलाची कड आली आणि माऊस थांबला.

"पलंगावर नको," निर्मलाबाई म्हणाल्या. "छताकडे बघत कुठवर पडून राहू? मला खिडकीपाशी ठेवा. रस्ता तरी दिसेल."

"ऊन लागेल तुला."

"लागू दे. एकतीस वर्षं ह्या घरात भिंतीच पाहिल्या मी."

हे त्या पूर्वी कधी बोलल्या नव्हत्या. रत्नाकररावांच्या डोळ्यांना धारा लागल्या. पुसायला डावा हात होता, पण तो त्यांनी उजव्या मनगटावर दाबून धरला होता. त्यांनी माऊस हळूहळू खिडकीकडे ओढला. ह्या वेळी खोली लांबली नाही. उलट जवळ आली. खिडकी एकदम अंगावर आल्यासारखी आली.

"बास, इथेच!" निर्मलाबाई म्हणाल्या.

हात कापला. त्या गजांमधून पाण्यासारख्या पलीकडे गेल्या आणि तिसऱ्या मजल्याबाहेर, रस्त्याच्या बरोबर मध्यावर जाऊन थांबल्या. त्यांची पाठ घराकडे होती. वारा होता, पण पदर हलत नव्हता.

"निर्मला, मागे घेतो तुला."

"थांबा जरा," त्या वळून न पाहता म्हणाल्या. "केवढं दिसतंय इथून."

त्यांनी माऊस मागे ओढला. तो टेबलाला चिकटल्यासारखा जागचा हलला नाही. बटणाखाली त्यांचं बोट बधिर होत चाललं होतं. अजून दाबलेलं आहे की नाही, हे त्यांना कळेना.

खाली माणसं जमली होती. कुणी ओरडत नव्हतं. चौघांनी मिळून एक पांढरी चादर चारी टोकांना धरून ताणली होती, आणि धरणाऱ्यांच्या हातांपासून मध्याकडे ती निळी होत चालली होती.