मिठाची कोंबडी आणि ब्रदर एल्रॉय यांचे तरंग

चर्चच्या तळघरात अख्खं गाव डोळे मिटून गाईसारखं हंबरत होतं. मिनेसोटातली आमची माणसं एरवी शिंकली तरी शेजाऱ्याची माफी मागतात. पण समोर साक्षात ब्रदर एल्रॉय उभे होते.

त्यांची सिद्धी अशी: ऑनलाइन लिलावात हवी ती जुनी वस्तू उघडायची, तिच्याखालचा 'आवडलं'चा लाल बदाम दाबायचा आणि हंबरून विक्रेत्याकडे तरंग सोडायचे. विक्रेता आपण होऊन भाव उतरवतो! घासाघीस करायलाच नको. आमच्याकडे घासाघीस म्हणजे चारचौघांत कपडे उतरवण्याइतकी लाजिरवाणी गोष्ट, त्यामुळे गावाला ही सिद्धी फारच मानवली. दक्षिणा काय, तर घरातली एक जुनी वस्तू. ब्रदरच्या गाडीची डिकी बिस्किटांच्या बरण्यांनी भरत आली होती.

आज पाळी मार्लिसची. तिच्या आईकडची मीठ-मिरपुडीच्या चिनी मातीच्या डब्यांची जोडी होती; त्यातला मिरपुडीचा कोंबडा शाबूत होता. मिठाची कोंबडी नवऱ्याने, गॉर्डीने, भांडी घासताना फोडली होती. तश्शीच कोंबडी लिलावात आली होती. दक्षिणेसाठी आईचीच अस्वलाच्या आकाराची बिस्किटांची बरणी आणली होती, आणि ती काही मार्लिसच्या हातून सुटत नव्हती.

"दाबा बदाम!" ब्रदर गरजले. "विक्रेत्याच्या काळजाला पाझर फुटतोय... मला दिसतोय... दाढीवाला आहे... रडतोय!"

फोन टुणकन वाजला. 'खास तुमच्यासाठी दहा टक्के सूट.'

तळघरात हुंदके फुटले. मार्लिसने बरणी पुढे केली.

"थांब गं," मागून आवाज आला. विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका आर्डिसबाई. जेवण आहे म्हणून आज पहिल्यांदाच आल्या होत्या. "तो दाढीवाला मीच."

हंबरणं थांबलं.

"कोंबडी माझ्या माळ्यावरची. विकायला ठेवतानाच साइटला सांगून ठेवलंय, जो बदाम दाबेल त्याला दहा टक्के सूट आपोआप कळव. बरेच विक्रेते तसंच करतात. माझ्या काळजाला काही झालं नाही. मी बटाटे खात होते."

"ते सांगून ठेवायची बुद्धी तरंगांनीच दिली!" ब्रदर म्हणाले.

"बरं. गॉर्डी, आता तुझ्या फोनवर तू दाब. हंबरू नकोस. शिव्या दे."

"कोणाला?"

"कोंबडीला."

गॉर्डी लाजला. "मेले," तो पुटपुटला, "तुझ्यापायी रोज बोलणी खातोय मी."

टुण्. दहा टक्के.

गावाने ब्रदरना हात लावला नाही. डिकी रिकामी केली आणि वाटेत खायला उरलेले बटाटे बांधून दिले.

मार्लिस बरणी पोटाशी धरून बाईंजवळ आली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "बाई... निम्म्याला देता?"

"नाही."

"मग... वीस टक्के कमी?"

"घेऊन जा. हंबरण्यापेक्षा सोपं होतं की नाही?"

वाचकहो, समोरच्याच्या मनातला भाव बाबाला कळत नाही. तो तोंड उघडून विचारावा लागतो. आणि मंत्राने काही घडलंसं वाटलं, तर मंत्राशिवाय ते घडतं का, हे एकदा करून पाहा. आईची बरणी हातातून सोडण्याआधी.