बांधावरचा आंबा

धायरीच्या डोंगरउतारावरचं ते तळं मुक्ताबाईंचं होतं, आणि हे त्या कुणाला विसरू देत नसत. ओढ्याला मातीचा बांध घालून ते त्यांच्या नवऱ्यानं, भैरूअण्णांनी केलेलं. अण्णांच्या मागे बाईंनी तिथे होड्या सोडल्या, जेवणघर काढलं. शनिवार-रविवारी अर्धं पुणं तिथे पिठलं-भाकरीचे फोटो काढायला लोटत असे. खायला किती येत, देव जाणे.

बांधाच्या मधोमध एक आंबा होता. अण्णांची रक्षा नदीत न सोडता बाईंनी बांधातच पुरली आणि वर हे रोप लावलं. रोज सकाळी त्याच्या सावलीत चहा घ्यायचा, गेलेल्या नवऱ्याला चार शब्द सुनवायचे आणि मग कामाला लागायचं, हा त्यांचा नेम.

बांधाच्या तपासणीला बोलावलेले अभियंते सलिल मात्र त्या सावलीत टेकलेसुद्धा नाहीत. "बाई, हे झाड काढावं लागेल. मुळं बांधात शिरली आहेत. त्यांच्या कडेनं पाणी वाट काढतं आणि एक दिवस मातीही सोबत नेतं."

"सायेब, बांध माझा, झाड माझं. आन झाडाखाली माणूसबी माझाच हाय."

"मान्य. आणि बांधाखाली राहतात ती माणसं?"

बाईंचा मुलगा दिग्विजय याला सोपी युक्ती सुचली. शेजारची सोसायटी तळ्यावर कधीची डोळा ठेवून होती. "आई, विकून टाकू. नाव त्यांचं लागलं की कटकटही त्यांची."

बाई तरातरा बांध उतरून खाली गेल्या. तिथे पत्र्याच्या खोल्यांत भाडेकरू राहत. यवतमाळहून आलेली अपेक्षा बांधाच्या पायथ्याशी धुणं धूत होती. बाईंना पाहून ती खुलली.

"आजी, तुमच्या पुण्याईनं दारातच झरा फुटला पाहा! नळाची वाट पाहणं संपलं. कालपासून तेवढा गढूळ येऊन राहिला."

बाईंनी वाकून ओंजळ भरली. तळाशी तांबूस माती बसली. ही माती त्या ओळखणार नाहीत तर कोण? बांध घालताना तिच्या पाट्या त्यांनीच डोक्यावरून वाहिल्या होत्या. अण्णांचा आंबा बांध पोखरत होता आणि ही पोर दुवा देत होती.

"धुणं टाक. पोरंबाळं घे, समद्यांना हाक मार, वर जेवणघरात चला. आत्ताच्या आत्ता."

वर येऊन त्यांनी तळ्याचं पाणी सोडायची झडप उघडायला लावली. एकदम उपसलं तर बांधच ढासळेल, म्हणून सलिल स्वतः उभे राहून पाणी बेतानं सोडत राहिले. दिग्विजयनं कपाळाला हात लावला. "आई, उद्या रविवार! सगळं बुकिंग फुल आहे. आणि रिकामं तळं घेणार कोण?"

"इकायचंच न्हाई. तुझ्या बापानं बांधलं, म्या झाड लावून बिघडवलं. आता दुसऱ्याच्या गळ्यात मारू व्हय? मालकीण म्हणून मिरवते ना, मग निस्तरणारबी मीच."

पाणी उतरलं, झाड तोडायची परवानगी आली. त्या सकाळी बाई आंब्याला मिठी मारून ढसाढसा रडल्या. मग पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला, हाणा कुऱ्हाड." मुळं खणून काढली, चिकणमाती थराथरानं ठोकून बसवली. वर नुसतं गवत.

पावसाळा सरला. तळं पुन्हा काठोकाठ भरलं, होड्या सुटल्या, भाडेकरूही आपापल्या खोल्यांत परतले. बाई बोडक्या बांधावर उन्हात चहा घेत बसल्या होत्या. खालून अपेक्षा हिरमुसून आली.

"आजी, झरा आटला ना. आता पुन्हा नळाची वाट पाहा लागते."

"आटला? पार कोरडा?"

"टिपूस नाही."

बाई हसल्या, हसता हसता डोळ्यांना पदर लावला. मग बसल्या जागी बांधावर हात ठेवून म्हणाल्या, "अवो, ऐकलं का? टिपूस न्हाई म्हणती."