सरांनी शोधलेली प्रथिनाची चाल

आमच्या नंदकिशोर सरांना प्रथिन हलताना दिसलं, तेव्हा मी त्यांच्या शेजारीच उभी होते आणि मला काहीही दिसलं नाही.

जगभरात मोजलेले प्रथिनांचे आकार एका डेटाबेसमध्ये ठेवलेले असतात. आमच्या प्रथिनाचे त्यात दोन होते, एक मिटलेला आणि एक उघडलेला. मधलं कोणीच मोजलेलं नाही. मी दोन्ही सॉफ्टवेअरला दिले, त्याने मधली चित्रं भरून छोटीशी फिल्म बनवली. सरांनी तिला तबल्याचं म्युझिक लावलं आणि मुलुंडच्या आमच्या कॉलेजात जाहीर करून टाकलं की आपण प्रथिनाची चाल शोधली.

“सर, मधलं सगळं सॉफ्टवेअरच्या मनाचं आहे,” मी म्हटलं. “माणसाचा एक फोटो मुलुंडचा, एक बोरिवलीचा. म्हणून तो मधल्या नॅशनल पार्कातल्या बिबट्यांमधून सरळ चालत गेला, असं कसं म्हणायचं?”

“आता पार्काखालून बोगदा होतोय ना!” सर म्हणाले. “आणि हे प्रकरण प्रबंधात नसेल, तर माझी सही विसर, इरावती.”

गाईडच्या सहीशिवाय पीएचडीचा प्रबंध विद्यापीठात जात नाही. माझी सगळी मेहनत त्या एका सहीवर लटकलेली. मी दातओठ खात ते प्रकरण लिहायला घेतलं.

सेमिनारला अंधेरीहून अनुपमा मॅडम आल्या, या विषयातलं मोठं नाव. तबला थांबल्यावर त्यांनी विचारलं, “मधल्या अवस्था कुठे मोजल्यात?”

सरांनी लगेच माझ्याकडे बोट केलं. “सगळं काम हिचं आहे.”

माझं डोकंच फिरलं. “मोजलेल्या नाहीत, मॅडम. सॉफ्टवेअरने रंगवल्यात. मी सरांना सांगितलं होतं.”

सरांचा चेहरा पडला आणि लगेच खुलला. मधल्या अवस्था इथेही कोणाला दिसल्या नाहीत.

“शाब्बास!” सर म्हणाले. “हेच मला हिच्या तोंडून ऐकायचं होतं. मुद्दाम खोटी फिल्म लावली. गाईडसमोर खरं बोलते का, बघत होतो. अहो, मुलुंडहून बोरिवलीला कोणी बिबट्यांमधून सरळ चालत जाईल का?”

हॉल हसला, टाळ्या पडल्या. उदाहरण माझं, टाळ्या त्यांना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चहाच्या वेळी मॅडमनी माझा हात धरला. “नशीबवान आहेस गं. विद्यार्थ्यांना असं घडवणारे गाईड आता कुठे मिळतात?”

सर बाजूलाच समोसा खात उभे होते. सही अजून व्हायची होती.

“खरंय, मॅडम,” मी म्हटलं.