पेराएवढं पातं

"जिन्यावरून पडले रे, बाकी काही नाही," ताई म्हणाली आणि पट्टी बांधलेला हात तिने उशीखाली सरकवला.

"पडली कसली!" भावोजी दारातूनच बोलले. "तुझ्या त्या सुरीनं कापलंय. भोपळा चिरताना मूठ निखळली आणि पातं घुसलं तळव्यात. सहा टाके!"

"तुम्ही गप्प बसा हो. जुनी झाली होती ती."

जुनी? सुरी आणून दोन वर्षंही झाली नव्हती. आणून दिली होती त्यानेच, तिच्या धाकट्या भावाने.

त्याला सगळे 'गॅरंटी' म्हणत. भांड्यांच्या दुकानात काउंटरमागे उभ्याउभ्या त्याचे केस पांढरे झाले होते. गिऱ्हाईक घुटमळलं की तो छातीवर हात ठेवून म्हणे, "बिनधास्त न्या, माझी गॅरंटी!" आणि लोक नेत.

पाणी पिण्याच्या निमित्ताने तो स्वयंपाकघरात गेला. सुरी मोरीपाशी पडली होती. मुठीवर काळी चिकटपट्टी, तिच्यावर सुतळी, सुतळीवर पुन्हा पट्टी. एका दिवसाचं काम नव्हतं ते.

"ही मोडली कधी?" त्याने विचारलं.

"सहा महिन्यांतच," मागोमाग आलेले भावोजी म्हणाले. "मी म्हटलं, दे त्याच्याकडे, बदलून आणेल. तर म्हणे, एवढ्या हौसेनं आणलीय, त्याला वाईट वाटेल."

त्याने पट्टी सोडवली. पातं मुठीत जेमतेम बोटाच्या पेराएवढं शिरलेलं होतं. त्याला नवल वाटलं नाही, आणि त्याचीच त्याला लाज वाटली. नवा खोका आला त्या दिवशी शेठ म्हणाले होते, "चकचकीत आहे, स्वस्त आहे, खपेल. टिकायचं नंतर बघू." सुरी हातात घेताच तिचं हलकेपण त्याला कळलं होतं. जुन्या मालातली एकच शिल्लक होती. पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं, तीन खिळे ठोकलेले. ती त्याने स्वतःच्या घरी नेली. ताईला नव्या खोक्यातली. वर तिच्या दारात उभं राहून छातीवर हात ठेवला होता, "तुला पुरून उरेल बघ!"

तो तडक घरी गेला. ओट्यावरची सुरी धुऊन कागदात गुंडाळू लागला.

"अहो, कुठं नेताय?" बायको म्हणाली. "भाजी अर्धी चिरायचीय माझी."

"ताईला देतो. तुला दुसरी आणतो."

"मग दुसरीच न्या की त्यांना. हीच का?"

तो चपला घालून बाहेर पडला.

ताईने सुरी डाव्या हातात तोलली. धारेवरून अंगठा फिरवला. मुठीवर बोटं टेकतात तिथला रंग उडालेला होता. चाळीस वर्षं स्वयंपाकघर सांभाळलेली बाई ती, तिला काय सांगायचं?

"वापरातली आहे ही."

"हो."

"कधीची?"

थाप त्याच्या जिभेवर तयार होती. आयुष्यभर त्याच जिभेवर पोट भरलं होतं.

"तुझ्याबरोबरचीच," तो म्हणाला. "दोन्ही एकाच दिवशी आणल्या होत्या."

ताईने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने सुरी हलकेच खाली ठेवली.

"मग तुझी बायको आता कशानं चिरणार?"

"आणीन ना दुसरी."

"चांगली बघून आण हो," ताई म्हणाली. आवाजात टोमणा औषधालाही नव्हता. बाजाराला निघालेल्या धाकट्या भावाला सांगावं, तसं तिने सांगितलं.

मग तिने पायाने पाट पुढे ढकलला. "बस. एका हातानं मला जमत नाहीये. बटाटे तेवढे चिरून दे."

तो बसला.

"जाड नको. बारीक चिर."

तो बारीक चिरू लागला. सगळे बटाटे संपले, फोडी पाण्यात पडल्या, तरी त्याला मान वर करवेना.