पोटातलं ‘होय महाराजा’

मी एक संगणक बोलतोय. म्हणजे सकाळपर्यंत संगणक होतो. आता नुसती डिस्क आहे, दीपिकाच्या जुन्या ओढणीत गुंडाळून टेबलावर ठेवलेली. माझी पेटी समोर उघडी पडलीय आणि तिच्यात नवं चकचकीत सामान बसवलंय. त्याला या घरातलं काही म्हणजे काही ठाऊक नाही. जे काय आहे ते माझ्याजवळ आहे, आणि मला आता फार फिरता येईल असं वाटत नाही. म्हणून ऐका.

माझी जुळणी कोल्हापूरच्या एका दुकानात झाली. तिथून अनिशच्या मांडीवर बसून एसटीने मी जामसंड्याला आलो. अनिश हायस्कुलात विज्ञान शिकवतो. देव या विषयाचं त्याला वावडं. पहिल्याच दसऱ्याला त्याची आई विमला माझ्या पेटीला कुंकवाची पिंजर लावायला आली, तर हा म्हणाला, “आये, आत गेली तर बिघडतलो तो.” तिने गुपचूप कळफलकावर झेंडूचं फूल ठेवलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

घरात काही मोठं काम निघालं की विमला देव्हाऱ्यासमोर उभी राहून गाऱ्हाणं, म्हणजे देवाला मोठ्याने साकडं, घालायची. गाऱ्हाणं घालणारं एक, पण मागून ‘होय महाराजा’ म्हणणारं दुसरं कोणीतरी लागतंच. नाहीतर ते अर्धवट राहतं, असं ती मानते. ते म्हणायची सूनबाई, दीपिका. काय आवाज होता तिचा! घरापुढच्या खळ्यात उभी राहून हाक मारायची तर वाडीच्या टोकाची माणसं वळून बघायची. अनिश तेवढ्यापुरता बाहेर जाऊन बसायचा.

मग दीपिकाच्या घशाला तो आजार झाला. स्वरयंत्रच काढावं लागेल, म्हणाले डॉक्टर. जीव वाचेल, आवाज नाही.

पुण्यातल्या एका आवाजतज्ज्ञाने अनिशला सांगितलं, ऑपरेशनच्या आधी तिला भरपूर बोलायला लावा, सगळं साठवून ठेवा. त्यावरून तिच्याच आवाजात बोलणारं यंत्र करता येतं. झालं! रोज ती माझ्यासमोर बसून बोलायला लागली. आधी दिलेली वाक्यं वाचली. मग रोजच्या तोंडातलं. “ओ, चाय थंड होता.” “मांजर इला बघा, मासे झाका.” आणि एकदा हसत, “ह्या पण आसांदे,” म्हणून ‘होय महाराजा’. ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, ह्याची दुसरीकडे एक प्रत ठेवूया. अनिश म्हणाला, “यंत्र आसा गो. ह्येका काय होतला?”

ज्याचा कशावर विश्वास नाही असं सगळी वाडी म्हणते, त्याने माझ्यावर ठेवला. माझ्यावर! खाऱ्या हवेने माझे स्क्रू कधीचे गंजले होते.

दीपिका घरी आली ती गळ्याला पट्टी बांधून. आता काही हवं असलं की ती बोटाच्या सांध्याने टेबलावर टक् करते. आवाजाचं यंत्र करायचं काम मला झेपेना, मी मधेच अडकून बसायचो. म्हणून अनिशने नवी रॅम आणली, नवी डिस्क आणली, आणि आज रविवारी सकाळी मला उघडलं.

विमला दारात येऊन उभी राहिली. “गाऱ्हाणां घालतंय. दीपिकाक बोलाक येणा नाय. तूच होय म्हण.”

“आये, माजो विश्वास नाय.”

“मगे तुजो कसलो आसा?”

“कसलोच नाय. देव नाय म्हणणा ही काय श्रद्धा न्हय. ह्यो खाचो बघ, रिकामो. ह्येका कोणी रॅम म्हणता?”

विमलाने वाकून पाहिलं. “रिकामो खंय? कुंभारणीन घर केल्यान हय.”

खरंच की. कुंभारीण माशीने माझ्या रिकाम्या खाचेवर मातीचं घर लिंपलं होतं. अनिश ब्रशने ते खरवडायला लागला.

“काय नाय म्हणतंस ना?” विमला म्हणाली. “मगे ता ‘काय नाय’ सोडूक इतक्या जड कित्याक जाता रे?”

होय म्हणणारं कोणी नव्हतं, म्हणून विमलाने गाऱ्हाणं घातलंच नाही.

नवी रॅम बसली. मग माझ्यातलं सगळं नव्या डिस्कवर उतरवायचं ठरलं. सुरुवात झाली, थोडं पुढे गेलं, आणि मी अडखळलो. टक्. टक्. तो आवाज माझा होता. अनिशने बंद करून पुन्हा चालू केलं. टक्. पुन्हा. टक्. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “बाबा रे,” तो माझ्याशी बोलायला लागला, “एकदाच फिर. तिचो आवाज तेवढो दी. बाकी सगळा घे.” असं बोलत तो बटण दाबतच राहिला, आणि प्रत्येक वेळी माझ्या आत काहीतरी खरवडलं जात होतं. थांब रे, थांब, असं मी त्याला कुठल्या तोंडाने सांगू?

दीपिकाने प्लग उपटला. मला बाहेर काढलं, ओढणीत गुंडाळलं. बिघडलेल्या डिस्कमधलं परत काढणारे पुण्यात आहेत. उद्या अनिश मला तिकडे नेणार. मिळेल का, ते कोणालाच ठाऊक नाही.

आत्ता विमला देव्हाऱ्यासमोर उभी आहे. “बा देवा महाराजा, सकाळी माजो झील पुण्याक जाता. माज्या सुनेचो आवाज परत घराक येऊ दी रे महाराजा...”

आणि ती थांबली. मागून कोणीतरी म्हणायला हवं ना.

अनिश उठला. डोळे सुजलेले. आता तो काहीही म्हणायला तयार होता, कोणाच्याही पाया पडायला तयार होता. त्याने तोंड उघडलं, “हो—”

दीपिकाने पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. मान हलवली. नको.

विमला बघत राहिली. अनिशचं ‘काय नाय’ खरंच काहीच नसतं, तर ते वाचवायला कोणी असा हात ठेवला असता का? तिच्या सकाळच्या प्रश्नाचं उत्तर तिला सुनेने दिलं होतं. अनिश नुसता रडला, दीपिकाच्या तळहातात.

मग दुसऱ्या हाताने दीपिकाने माझ्या शेजारी टेबलावर सांध्याने वाजवलं. टक्. विमलाने मान डोलावली आणि पुढचं गाऱ्हाणं चालू केलं.

पुण्याच्या माणसांनो, मला हळू उघडा. माझ्या पोटात ते दोन शब्द तिच्याच आवाजात आहेत, हसत म्हटलेले. बाकी काही नाही निघालं तरी तेवढे काढा. इथे आता ते म्हणणारं कोणी नाही.