माझ्या खोकल्याची रेकॉर्ड

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे, भजनाची. शिकलेले लोक मला हार्मोनियम म्हणतात. पन्नाशी केव्हाच ओलांडली, पण इतक्या वर्षांत झाला नव्हता एवढा वैताग मला गेल्या वर्षभरात झाला. तोच सांगायला बसले आहे.

पुण्याच्या एका कारागिराने मला सागवानात घडवलं. माझ्या पोटातल्या सुरांच्या पितळी पट्ट्या त्याने एकेक कानाशी धरून घासल्या. तळेगावजवळच्या आंबी गावातल्या भजनी मंडळाने मला आणलं, तेव्हा मंडळाचे पेटीवाले रखमाजी विशीत होते. त्यांनी मला मांडीशी घेतलं ते आजतागायत. पुष्कळ वर्षं मी खणखणीत होते. लोक म्हणत, रखमाजीची पेटी म्हणजे साखर. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मग दुखणी सुरू झाली. आधी भात्याला चीर गेली. भाता म्हणजे माझं फुप्फुस. रखमाजींच्या बायकोने, रतनबाईंनी, तिथे जुन्या लुगड्याची चिंधी चिकटवली. मग काळी एकची, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीची, स्प्रिंग गेली. बोट उचललं तरी तो सूर थांबेना. भाता हलला की घुंऽऽ सुरू.

तुम्ही म्हणाल, दुरुस्तीला नेली असेल. छे. मंडळाने पेटी नाही, गळे बदलले. हा सूर चालूच राहणार ना, मग सगळे अभंग त्याच पट्टीत म्हणायचे. अकरा वर्षं आख्खं मंडळ काळी एकमध्ये गात होतं. ज्याला जमलं तो गायला. ज्याला नाही जमलं त्याच्या हातात टाळ.

असेच सविताच्या हातात टाळ आले. सविता ही रखमाजींची सून. तिचा गळा काळी पाचचा, चढा आणि स्वच्छ. ओट्यापाशी ती गुणगुणते ते मी कोपऱ्यातून ऐकते. पण मंडळात गायला लागली की माझी घुंऽऽ तिच्या आड येई आणि सगळं कडू होई.

"सूनबाई, तुझा सूर लागत न्हाई गं," रखमाजी म्हणाले. "तू आपली टाळ धर."

तिने धरले. पण यंदाच्या माघात गावच्या सप्ताहात बायकांना पहिल्यांदाच गायची पाळी मिळणार होती, आणि तिला निदान एक अभंग म्हणायचा होता. दोष तिच्या गळ्यात नाही, माझ्या पोटात आहे, हे मी परोपरीने सांगत होते. पण माझं सांगणं म्हणजे तरी काय, तीच घुंऽऽ.

श्रावणात निलेशने मला टेम्पोत घातलं. निलेश हा सविताचा नवरा, भुशी धरणाकडच्या एका बंगल्यावर राखणीला असतो. तिथे पाच वादक जॅझचा नवा अल्बम करायला उतरले होते. जॅझ म्हणजे लग्नातल्या बँडसारखं काही असेल, अशी माझी समजूत. सॅक्सोफोन होता, ड्रम होते. पण एक जण सायकलच्या चाकाच्या तारा व्हायोलिनच्या गजाने घासत होता, आणि दुसरा पागोळ्यांखाली पातेली मांडून थेंबांचा आवाज टिपत होता. त्यांना एक जुनी पेटी हवी होती.

मला वाटलं, कानाची माणसं आहेत, आता तरी माझं औषधपाणी होईल. त्यांची मुख्य तेजल. तिने भाता मारला. घुंऽऽ, आणि चिरीतून फस्स. तिने डोळे मिटले.

"हिला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "फार सुंदर आहे."

"मॅडम, ती बिघडलीये," निलेश म्हणाला.

"म्हणून तर."

मित्रांनो, तुम्ही तापाने फणफणला आहात आणि डॉक्टर म्हणतोय, वा, काय छान कण्हता. तसं झालं माझं. चार दिवस नाकातोंडाशी माइक लावून त्यांनी माझा खोकला टिपला. एकदा तर चिंधीच सुटली. माइक सांभाळणारा संदेश म्हणाला, "अजून एकदा सुटेल का?"

मग मी घरी परतले, आणि दिवाळीनंतर अल्बम निघाला. एका दुपारी देवळात मंडळ जमलं आणि निलेशने मोबाइल स्पीकरला जोडला. पहिली दोन मिनिटं सगळे स्पीकरकडे बघत राहिले.

"चालू झालं का रं?" शेजारच्या शालूबाईंनी विचारलं.

"चालूच हाय की, मावशी."

"आसं व्हय. मला वाटलं कुणाचा मिक्सर अडकलाय."

रखमाजी डोळे बारीक करून ऐकत होते. "ही कोण म्हातारी दम टाकतीय?"

"आबा, ती आपली पेटी."

"आपली आशी न्हाई वाजत."

"अशीच वाजती, आबा," सविता हळूच म्हणाली. "आन तो एक सूर थांबतच न्हाई, बगा."

अकरा वर्षं मी त्यांच्या मांडीशी कण्हत होते. सवयीने त्यांना ऐकूच येत नव्हतं. परक्याच्या रेकॉर्डमधून आलं तेव्हा आलं. त्यांनी ते नऊ मिनिटांचं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग मला बाजूला सारलं.

"सूनबाई, म्हण एक अभंग. तुझ्या पट्टीत. पेटीबिगर."

सविताने म्हटला. एकही सूर ढळला नाही. रखमाजी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, तिच्याकडे बघायचं धाडस त्यांना झालं नसावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तळेगावला दुरुस्तीला नेलं. तिथे मला उघडून स्प्रिंग बदलली, भाता सांधला.

पौषात तेजल आली, कार्यक्रमासाठी मला मागायला. तिने भाता मारला, बोट उचललं. मी गप्प. तिचा चेहरा उतरला.

"आबा, तो आवाज जगात कुठे नव्हता हो."

"तुमच्या रेकॉर्डात हाय की. तितं जपा त्याला," रखमाजी म्हणाले. "हितं माझ्या सुनंला गायचंय."

सप्ताहात सविताने काळी पाचमध्ये अभंग धरला. ती श्वासाला थांबली की मीही थांबत होते. बोट उचलल्यावर गप्प बसता येणं, यासारखं सुख नाही. मला वाखाणणारे खूप भेटले, पण उघडून बघणारा मिळायला अकरा वर्षं आणि एक अल्बम लागला.

तेव्हा मित्रांनो, घरात काही कण्हत असेल तर त्याची सवय करून घेऊ नका, त्याचं कौतुकही करू नका. आणि कुणाचा सूर लागत नाही असं म्हणण्याआधी एकदा पेटी उघडून बघा.